जुनं फंक्शन काढण्यापूर्वी

आमच्या कंपनीत बऱ्याच टीम आहेत आणि प्रत्येकीचं सॉफ्टवेअर वेगळं आहे. पण लॉगिन, परवानग्या, पावत्या, रिपोर्ट, तारखा, ई-मेल या सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी एकाच अंतर्गत फ्रेमवर्कमधून येतात. ते फ्रेमवर्क पायथनच्या जँगोवर उभं आहे. ते सांभाळणाऱ्या पुण्यातल्या छोट्या टीममध्ये मी काम करते. नव्या सोयी देणं हा आमच्या कामाचा सगळ्यांना दिसणारा भाग. मला मात्र दुसरा भाग जास्त मोलाचा वाटत आला आहे. जी सोय आता काढून टाकायची आहे, ती वापरणाऱ्यांना तसं वेळेवर आणि नीट कळवणं, म्हणजे एखादी गोष्ट डेप्रिकेट करणं, हा तो भाग.

डेप्रिकेट केलेलं फंक्शन त्याच दिवशी बंद पडत नाही. ते चालत राहतं, पण चालताना एक वॉर्निंग सोडतं: मी अमुक व्हर्जनपर्यंत आहे, पुढे तमुक वापरा. तेवढी मुदत मिळाल्यामुळे वापरणाऱ्याला सवडीनं बदल करता येतो. पद्धत चांगलीच आहे. अडचण येते ती तिच्याकडे बघण्यात. वॉर्निंग टाकली, चेंजलॉगमध्ये ओळ लिहिली, आता मोडलं तर त्यांचं ते बघतील, असं धरून चालणारे फ्रेमवर्कवाले मी पुष्कळ पाहिले आहेत. या कामानं माझं मत नेमकं उलटं घडवलं. बदल करायचं आम्ही ठरवतो, तर शेवटच्या वापरणाऱ्याला त्या बदलातून सुखरूप पार नेणंही आमच्याकडेच येतं. वॉर्निंग हे त्यातलं पहिलं पाऊल आहे.

“काढायचंच कशाला? चालतंय ना?” असं दर मोठ्या रिलीजच्या वेळी कुणीतरी विचारतं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दर वेळी सारखं नसतं.

काही गोष्टी धोकादायक असतात. सी भाषेतलं गेट्स हे फंक्शन घ्या. किती अक्षरं वाचायची याची मर्यादा त्याला सांगताच येत नाही. समोरून जास्त अक्षरं आली की ती राखीव जागेबाहेरच्या मेमरीवर लिहिली जातात. १९८८ साली इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मनं शिरकाव करण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांतला एक याच फंक्शनमुळे उघडा राहिला होता. हे फंक्शन धोकादायक आहे, वापरू नका, असं लिनक्सवरचा लिंकर प्रोग्रामरना कित्येक वर्षं बजावत होता. सीच्या मानकातून ते वगळलं गेलं ते मात्र २०११ साली, सी-११ मध्ये.

काही गोष्टी दिशाभूल करणाऱ्या असतात. त्यातल्या एकीबद्दल पुढे सविस्तर लिहिते. आणि काही नुसत्याच कालबाह्य झालेल्या असतात. जँगोमध्ये भाषांतरासाठी यूगेटटेक्स्ट नावाचं फंक्शन होतं. पायथन २ मध्ये युनिकोड मजकूर वेगळा हाताळावा लागे, म्हणून ते आलं. पायथन ३ मध्ये सगळा मजकूर युनिकोडच असल्यामुळे गेटटेक्स्ट आणि यूगेटटेक्स्ट यांत काही फरक उरला नाही. जँगोनं ते डिसेंबर २०१९ मधल्या ३.० व्हर्जनमध्ये डेप्रिकेट केलं आणि डिसेंबर २०२१ मधल्या ४.० मध्ये काढलं. त्यानं कुणाचं नुकसान होत नव्हतं, फक्त अडगळ वाढत होती.

धोका, दिशाभूल आणि अडगळ या तिन्हींना एकाच आवाजात वॉर्निंग दिली की वाचणाऱ्याला घाई कशाची आणि सवड कुठे, हे कळत नाही. म्हणून आमच्याकडे वॉर्निंगमध्ये कारण लिहिल्याशिवाय रिव्ह्यू पुढे सरकत नाही.

आता ती दिशाभूल करणारी गोष्ट. आमच्या फ्रेमवर्कमध्ये आत्ताची वेळ देणारं एक जुनं फंक्शन होतं. आतून ते पायथनच्या यूटीसीनाऊवर चाले. यूटीसीनाऊ जागतिक प्रमाणवेळ देतं, पण ती कुठल्या टाइमझोनची आहे हे त्या वेळेवर कुठेच लिहिलेलं नसतं. हातात येतात ते नुसते आकडे. पुढचा डेव्हलपर ते आकडे भारतीय वेळेचे समजून वापरतो. आपली वेळ प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे दिवसाउजेडी काही बिघडत नाही. तारीख तीच राहते. पण १ एप्रिलला पहाटे दोन वाजता कुणी ऑनलाइन पैसे भरले, तर या फंक्शनच्या हिशेबात तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. पावतीवर ३१ मार्च पडतो आणि ती रक्कम मागच्या आर्थिक वर्षात जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मध्ये मूळ यूटीसीनाऊच डेप्रिकेट झालं, याच कारणासाठी. त्यामुळे आमचं फंक्शनही काढायचं ठरलं.

त्यासाठी रिव्ह्यूला आलेला वॉर्निंगचा पहिला मसुदा असा होता: हे फंक्शन डेप्रिकेटेड आहे, नवीन फंक्शन वापरा. यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कुठलं नवीन? कधीपर्यंत? आणि जुन्याच्या जागी नवं नाव लिहिलं की काम झालं का? इथे तर ते होणारच नव्हतं. टाइमझोन असलेल्या वेळेची टाइमझोन नसलेल्या वेळेशी तुलना करायला गेलं की पायथन टाइप एरर देऊन थांबतं. म्हणजे वॉर्निंगवर विश्वास ठेवून ज्यानं निमूटपणे एक नाव बदललं, त्याचाच प्रोग्राम पडला असता, आणि जो स्वस्थ बसला त्याचा चालत राहिला असता. सांगितलेलं ऐकणाऱ्याला शिक्षा करणारी वॉर्निंग देण्यापेक्षा न दिलेली बरी.

चर्चा करून आम्ही तो मजकूर वाढवून असा केला: हे फंक्शन टाइमझोनशिवाय वेळ देतं, त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या नोंदींची तारीख चुकते. ते पुढच्या मोठ्या व्हर्जनमध्ये काढलं जाईल. त्याऐवजी टाइमझोनसह वेळ देणारं हे फंक्शन वापरा. मिळालेल्या वेळेची तुलना टाइमझोन नसलेल्या वेळेशी होत असेल तर आधी ती वेळ बदला. कशी, ते मार्गदर्शिकेत या ठिकाणी आहे. वॉर्निंग चार ओळींची झाली. लांब वाटते, पण ती वाचून माणूस उठून काम सुरू करू शकतो.

याचा एक उत्तम नमुना नमपाय या गणिती लायब्ररीत पाहायला मिळाला होता. जानेवारी २०२१ मधल्या १.२० व्हर्जनमध्ये त्यांनी एनपी डॉट इंट हे नाव डेप्रिकेट केलं. त्यांच्या वॉर्निंगमध्ये पर्याय तर होताच, शिवाय असंही स्पष्ट लिहिलं होतं की हा बदल केल्यानं वागणुकीत काहीही फरक पडणार नाही, तो सुरक्षित आहे. रात्री उशिरा दुसऱ्याचा कोड दुरुस्त करत बसलेल्या माणसाला या एका वाक्याचा केवढा आधार वाटतो, ते त्या जागी बसल्यावरच कळतं.

मजकुराइतकीच महत्त्वाची आणि सहज नजरेआड होणारी गोष्ट म्हणजे वॉर्निंग कुठल्या ओळीकडे बोट दाखवते. पायथनमध्ये वॉर्निंग देताना स्टॅकलेव्हल नावाचा एक आकडा देता येतो. तो दिला नाही तर एक धरला जातो, आणि मग वॉर्निंगमध्ये जी फाइल आणि ओळ छापली जाते ती वॉर्निंग देणाऱ्याची, म्हणजे आमच्या फ्रेमवर्कची असते. बिलिंग टीमच्या डेव्हलपरला लॉगमध्ये फ्रेमवर्कच्या फाइलचं नाव दिसतं. तो म्हणतो, हे त्यांच्या घरातलं आहे, तेच बघतील. स्टॅकलेव्हल दोन दिला की छापली जाते ती त्याची स्वतःची ओळ, जिथून त्यानं आमचं फंक्शन बोलावलं आहे. मध्ये आमचंच आणखी एखादं फंक्शन असेल तर तीन द्यावा लागतो.

यातला खोलवरचा घोटाळा पुढे आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये पायथन एका ठिकाणची तीच वॉर्निंग एकदाच दाखवतं. स्टॅकलेव्हल एक असेल तर ‘ठिकाण’ म्हणजे फ्रेमवर्कमधली ती एकच ओळ. जुनं फंक्शन पन्नास जागांहून बोलावलं जात असलं तरी लॉगमध्ये वॉर्निंग एकच उमटते. डेव्हलपरला वाटतं काम एका जागेचं आहे. आकडा बरोबर दिला की पन्नास जागा पन्नास ओळींत समोर येतात. म्हणून डेप्रिकेशनचा कोणताही बदल रिव्ह्यूला आला की मी मजकुराच्याही आधी हा आकडा बघते आणि वॉर्निंगमध्ये बोलावणाऱ्याचीच फाइल छापली जाते का, याची टेस्ट लिहायला सांगते.

एवढं करूनही ती वॉर्निंग डोळ्यांपुढे येईलच असं नाही. पायथनच्या इतिहासातच याचा धडा आहे. सुरुवातीला डेप्रिकेशनच्या वॉर्निंग सगळ्यांना दिसत. पण पायथनमध्ये लिहिलेला एखादा तयार प्रोग्राम वापरणाऱ्या सामान्य माणसाला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला त्या दुरुस्त करता येत नव्हत्या आणि उगीच काळजी वाटे. म्हणून २०१० मधल्या २.७ पासून त्या मुद्दाम चालू केल्याशिवाय दिसू नयेत असं केलं गेलं. हेतू चांगला होता, पण त्याबरोबर त्या पुष्कळ डेव्हलपरांच्याही नजरेआड झाल्या. मग २०१८ मधल्या ३.७ मध्ये थोडी वाट मोकळी केली गेली, आणि आपण स्वतः चालवत असलेल्या मुख्य फाइलमधल्या वॉर्निंग पुन्हा दिसू लागल्या. पायटेस्टसारखी टेस्ट चालवणारी साधनंही त्या आता आपणहून दाखवतात. जँगोच्या अपग्रेड मार्गदर्शिकेत तर वॉर्निंग चालू ठेवून सगळ्या टेस्ट चालवा असा सल्लाच दिलेला आहे. ज्याला बदल करता येतो त्याला दिसावी आणि ज्याला येत नाही त्याला दिसू नये, ही यामागची तारेवरची कसरत आहे.

शिवाय अशी वॉर्निंग ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच उमटते. वार्षिक ताळेबंदाचा रिपोर्ट वर्षातून एकदा चालतो आणि त्याला टेस्ट नसतील, तर त्यातलं जुनं फंक्शन अकरा महिने गप्प बसतं. तोंड उघडतं ते मार्चअखेरीला, अकाउंट्सवाल्यांची झोप उडालेली असते तेव्हा. म्हणून आम्ही लॉगवर विसंबून राहत नाही. डेप्रिकेशन जाहीर करण्याआधी सगळ्या टीमच्या कोडमध्ये ते नाव शोधतो, सापडलेल्या जागांची यादी करतो आणि ती यादी त्या त्या टीमकडे पाठवतो. प्रॉडक्शनमध्ये वॉर्निंग लॉगकडे वळवून कुठून किती वेळा बोलावणं आलं तेही मोजतो. यादी आणि मोजणी जुळल्या नाहीत की समजावं, कुठेतरी नाव तुकड्यांतून जोडून फंक्शन बोलावलं जातंय. नुसत्या शोधानं ती जागा सापडली नसती.

एकदा यादी घेऊन मी बिलिंग टीमच्या लीडकडे गेले होते. त्यांच्या सेटिंगमध्ये आमच्या सगळ्या वॉर्निंग गप्प करून ठेवलेल्या होत्या. मी कारण विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “अगं, वॉर्निंग रोज दिसायची. पण ती बघून मी काय करणार? स्प्रिंटमध्ये काय घ्यायचं ते प्रॉडक्टवाले ठरवतात. जुनं फंक्शन बदललं म्हणून ग्राहक काही जास्त पैसे देत नाही. जे करायला वेळच मिळणार नाही, ते रोज कशाला वाचायचं?”

त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं. आम्ही डेव्हलपरशी बोलत होतो आणि वेळ मंजूर करणारी माणसं दुसरीच होती. त्यांच्या स्क्रीनवर वॉर्निंग कधीच उमटत नाही. तेव्हापासून प्रत्येक डेप्रिकेशनबरोबर आम्ही तिमाही नियोजनाआधी एक पानभर टिपण देतो: काय जाणार, कधी जाणार, तुमच्या कोडमध्ये ते किती जागी आहे, अंदाजे किती काम, आणि नाही केलं तर ग्राहकाच्या बाजूनं काय होईल. वेळेच्या फंक्शनबद्दल त्या टीमच्या प्रॉडक्ट मॅनेजरांना मी फक्त १ एप्रिलच्या पहाटेची पावती सांगितली. टाइमझोन, स्टॅकलेव्हल, टाइप एरर यांतलं काहीच बोलावं लागलं नाही. ऑडिटच्या वेळी मागच्या वर्षाचा आकडा बदलणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुढच्याच स्प्रिंटमध्ये काम लागलं.

मुदतीबद्दल आता. वॉर्निंगमध्ये लिहिलेली तारीख किंवा व्हर्जन हा शब्द दिलेला असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी मोडू शकतो.

पायथनमधलंच उदाहरण आहे. मॅपिंगसारखे काही मूळ वर्ग कलेक्शन्स या मॉड्यूलमधून कलेक्शन्स डॉट एबीसी इथे हलवले गेले, ते २०१२ मधल्या ३.३ मध्ये. जुना पत्ता चालू ठेवला होता. ३.७ मध्ये जी वॉर्निंग यायची तिच्यात म्हटलं होतं, ३.८ पासून हे चालणार नाही. ३.८ आलं, ते चालत होतं, आणि वॉर्निंग म्हणत होती ३.९ पासून. ३.९ आलं, तरी चालतच होतं, आणि आता वॉर्निंगमध्ये ३.१० होतं. पुढे ढकलण्यामागचं कारण प्रामाणिक होतं. पायथन २.७ आणि ३ दोन्हींवर चालणाऱ्या लायब्ररींना जुना पत्ता लागत होता, आणि २.७ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपल्यानंतरही त्यांना आवरायला थोडा अवधी हवा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आलं आणि या वेळी जुना पत्ता खरंच गेला. आधी मुदत टळताना पाहिलेले पुष्कळ जण या वेळीही टळेल असं धरून बसले होते. त्यानंतर कितीतरी दिवस, आमच्या ऑफिसातही, जुन्या लायब्ररी वापरणारे प्रोजेक्ट त्या एकाच एररवर अडलेले मी पाहिले.

जावाचं टोक आणखी दूरचं. जावाच्या डेट वर्गातले कित्येक कन्स्ट्रक्टर आणि मेथड १९९७ मधल्या १.१ पासून डेप्रिकेटेड आहेत आणि आजही जागच्या जागी आहेत. जुना कोड मोडू द्यायचा नाही हे त्यांचं धोरण, आणि त्याचा फायदा जगभरच्या बँकांनी, विमा कंपन्यांनी घेतला आहे. पण एडिटरमध्ये नावावर मारलेली काट म्हणजे काही होणार नाही, अशी समजूत त्यातून एका अख्ख्या पिढीची झाली. म्हणून २०१७ मधल्या जावा ९ मध्ये डेप्रिकेटेड या खुणेला ‘काढून टाकण्यासाठी’ अशी वेगळी जोड द्यावी लागली. ही गोष्ट वापरू नका एवढंच म्हणायचं आहे की ती खरोखर जाणार आहे, हे त्यामुळे वेगळं सांगता येऊ लागलं. थ्रेड डॉट स्टॉप ही मेथड १९९८ पासून डेप्रिकेटेड होती. ती चालायची थांबली २०२३ मधल्या जावा २० मध्ये.

जँगोची रीत मला या दोन्हींच्या मधली आणि सगळ्यांत समंजस वाटते. काढण्याआधी किमान दोन फीचर रिलीजभर वॉर्निंग राहते, आणि ज्या व्हर्जनमध्ये ती गोष्ट जाणार त्याचा आकडा वॉर्निंगच्या नावातच असतो. फॉरेन की लिहिताना ऑन-डिलीट सांगणं त्यांनी असंच बंधनकारक केलं. मूळ नोंद पुसली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदींचं काय करायचं, हे पूर्वी न सांगताही चाले, आणि मग त्या सगळ्या गुपचूप पुसल्या जात. डिसेंबर २०१५ मधल्या १.९ पासून वॉर्निंग सुरू झाली आणि डिसेंबर २०१७ मधल्या २.० पासून ते लिहिल्याशिवाय चालेना. बदल सक्तीचा होता, पण दोन वर्षं हातात होती आणि ठरलेली तारीख हलली नाही. ग्राहक काढून टाकला तर त्याच्या पावत्याही जाव्यात का, हा प्रश्न त्या निमित्तानं किती टीमनी पहिल्यांदा स्वतःला विचारला असेल.

आमच्याकडे या मुदतीच्या काळातही टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात नुसती वॉर्निंग. दुसऱ्यात जुन्या जागांना हात न लावता, नव्या कोडमध्ये ते फंक्शन कुणी आणलं तर बिल्ड अडवायचा. त्यामुळे यादी वाढत नाही, फक्त कमी होत जाते. शेवटच्या टप्प्यात चाचणी सर्व्हरवर ते आधी सांगून काही तास बंद ठेवायचं. गिटहबनं गिटसाठी पासवर्ड चालणं १३ ऑगस्ट २०२१ ला कायमचं थांबवलं, त्याआधी असंच ठरवून काही तास बंद ठेवून पाहिलं होतं. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून येत असे, त्यातलाच हा प्रकार. दिवे कधी जाणार ते माहीत असलं की कुणाच्या घरी काय काय विजेवर चालतं हे त्या दोन तासांत लख्ख कळतं, आणि नुकसान होत नाही.

यादीत शेवटी उरतात त्या अवघड जागा. ज्या टीममधली मूळ माणसं निघून गेली, जो कोड कुणालाच नीट माहीत नाही, तिथे वॉर्निंगचा आवाज वाढवून काही होत नाही. तिथे आम्ही स्वतः बसतो. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग ॲट गूगल’ या २०२० मधल्या पुस्तकात डेप्रिकेशनवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सल्ल्यापुरतं डेप्रिकेशन आणि सक्तीचं डेप्रिकेशन असा भेद केला आहे, आणि सक्ती करायची तर स्थलांतराचं काम करणारी माणसंही द्यायला हवीत असं म्हटलं आहे. आमचा अनुभव हाच आहे. एकच बदल प्रत्येक टीमनं वेगवेगळा शिकून करण्यापेक्षा, तो बदल पाठ झालेली दोन माणसं सगळीकडे फिरली तर काम लवकर आणि कमी चुकांनी होतं. पायअपग्रेड किंवा जँगो-अपग्रेड यांच्यासारखी कोड आपोआप बदलणारी साधनं त्यातलं यांत्रिक काम उरकतात. उरलेला भाग वाचून, विचारून, त्या टीमच्या शेजारी बसून करायचा असतो. आम्ही बदल लिहून रिव्ह्यूला पाठवतो, तेव्हा आजवर कुठल्याही टीमनं तो नको म्हटलेला नाही.

हे सगळं ज्यांच्यासाठी विशेष तळमळीनं करावंसं वाटतं ते म्हणजे नवीन आलेले डेव्हलपर. जुन्या लोकांना कुठली वाट बंद होणार ते कॅन्टीनमध्ये कानावर येतं. नव्यांना समोर दिसतो तो कोड हाच गुरू, आणि तो कोड जुना असतो. पीएचपीची मायएसक्यूएल अंडरस्कोरनं सुरू होणारी फंक्शन २०१३ मधल्या ५.५ मध्ये डेप्रिकेट झाली आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ७.० मधून गेली. त्यानंतरही कितीतरी वर्षं, मुलाखतीला येणाऱ्या मुलामुलींच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकल फाइलमध्ये ती मला दिसत राहिली. दोष त्या मुलांचा नव्हता. त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं. आता त्यांच्या हाताशी कोड सुचवणारी एआय साधनं आहेत. जुन्या कोडवर शिकलेली ही साधनंही जुनीच फंक्शन बिनदिक्कत सुचवतात. अशा वेळी चालत्या प्रोग्राममधून आलेली, नेमकी ओळ दाखवणारी, कारण आणि पर्याय सांगणारी वॉर्निंग ही त्या मुलीला किंवा मुलाला मिळणारी पहिली खरी शिकवण असते. तिच्यात तुटकपणा असता कामा नये.

म्हणून कुठलीही गोष्ट डेप्रिकेट करण्याआधी आमच्या बैठकीत मी दोन प्रश्न विचारते. ठरलेल्या व्हर्जनमध्ये आपण ती खरंच काढणार आहोत का? आणि आज जो ती वापरतोय, त्याला जाण्यासाठी तयार जागा आहे का? यांतल्या एकाचंही उत्तर नाही असेल तर वॉर्निंग लावायची नाही.

सध्या असाच एक प्रस्ताव समोर आहे. पीडीएफ पावत्या बनवण्याची आमची जुनी पद्धत हळू आहे आणि सांभाळायला त्रासदायक आहे. नवी पद्धत वेगवान आहे, टीममधल्या सगळ्यांना आवडली आहे, आणि जुनी याच रिलीजमध्ये डेप्रिकेट करावी असं बहुतेकांचं मत होतं. पण नव्या पद्धतीत देवनागरी नीट उमटत नाही. जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षराशेजारी जाऊन बसते. इंग्रजी पावत्या छापणाऱ्या टीम उद्या सकाळी नव्या पद्धतीवर जाऊ शकतील. मराठी आणि हिंदी पावत्या देणाऱ्या टीमला मात्र जायला जागाच नाही. त्यांना रोज वॉर्निंग दिसेल आणि त्यांच्या हातात करण्यासारखं काही नसेल. काही महिन्यांत ते ती गप्प करतील, आणि त्याबरोबर आमच्या पुढच्या सगळ्या वॉर्निंगही गप्प होतील. प्रस्ताव आम्ही थांबवला आहे. आधी अक्षरं जुळवण्याचं काम पूर्ण करायचं, त्या टीमच्या खऱ्या पावत्या छापून त्यांना दाखवायच्या, त्यांनी हो म्हटलं की मग वॉर्निंग लावायची, तिच्यात व्हर्जन लिहायचं आणि त्या व्हर्जनमध्ये जुना कोड काढायचा, असं ठरलं आहे.